टी-शर्टवर 'बलिदान' का छापून मिळत नाही?

दहीहंडीच्या आधीचे पंधरा दिवस लोअर परळच्या आमच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. कोपऱ्यात शाईचे डबे, दोरीवर वाळत घातलेले टी-शर्ट आणि तासातासाला नवं गोविंदा पथक. पुढे मंडळाचं नाव, मागे थरांचा आकडा, बाहीवर पुरस्कर्त्याचा लोगो, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. २०२५च्या हंगामात, ऑपरेशन सिंदूरला तीन महिने झाले असताना, एका पथकाची चार पोरं आली. त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं: खाली टोक असलेला खंजीर, दोन्ही बाजूंना वर उघडलेले पंख, पात्यावर आडवी पट्टी आणि पट्टीवर देवनागरीत 'बलिदान'.

"मागे मोठं पाहिजे, ताई. सिल्व्हरमध्ये. तीनशे नग."

मी नाही म्हटलं. ऐन हंगामात तीनशे नगांना नाही म्हणताना जीव वरखाली होतो, हे कबूल करते. पोरांना वाटलं, ताईला भाव वाढवून हवाय. मग चहा मागवला आणि समजावत बसले. त्या दिवशी तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे जरा सलग लिहिते, कारण हाच प्रश्न मला रिक्षाच्या स्टिकरवाल्यापासून कंपनीच्या गिफ्टवाल्यापर्यंत सगळे विचारतात.

बिल्ला नक्की काय सांगतो?

लालबागच्या गर्दीत 'कार्यकर्ता' असा बिल्ला लावलेला माणूस आठवा. तो आला की दोरी वर होते. बिल्ल्याचा कागद दहा रुपयांचाही नसतो, पण त्या कागदामागे मंडळ उभं असतं. आता कुणी भक्तिभावाने, एक पैसा न घेता, तसलेच पाचशे बिल्ले छापून वाटले तर? भाव चांगला, पण संध्याकाळपर्यंत दोरीला अर्थ उरणार नाही.

सैन्याच्या मानचिन्हांचं असंच आहे. मानचिन्ह म्हणजे अंगावरची अशी खूण, जिच्यावरून हा माणूस कोण, कुठल्या दलाचा, कुठल्या पलटणीचा, कुठल्या हुद्द्याचा हे न विचारता कळतं. पोरांच्या मोबाइलमधला तो 'बलिदान' बिल्ला लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसचे कमांडोच लावतात. खडतर निवड पार केल्याशिवाय तो छातीवर येत नाही. भूदलातल्या इतर सैनिकांनाही तो लावता येत नाही, मग आपल्या पाचव्या थरावरच्या पोराचं काय!

या खुणांचे थर असतात, आणि परवानगीची सगळी गुंतागुंत त्या थरांतून येते. सगळ्यात वर अशोकस्तंभ, म्हणजे देशाची राजमुद्रा. त्याखाली दलाचं चिन्ह: भूदलाच्या फुलीतल्या तलवारी, नौदलाचा नांगर, हवाई दलाचा गरुड. मग पलटणीचं चिन्ह. मग हुद्दा: कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे, मेजरच्या खांद्यावर तारा नसतो, फक्त अशोकस्तंभ. शेवटी पदकं, फिती आणि गणवेशाचं ठिपक्यांचं कापड. एका टोपीवर यातले दोन-तीन थर सहज एकत्र येतात. भूदल आणि नौदलाच्या चिन्हांत अशोकस्तंभ आतच बसलेला आहे, त्यामुळे 'मला फक्त नांगरवालं पाहिजे' म्हणणारा नकळत राजमुद्राही मागत असतो.

एका चित्राला किती कुलपं?

'कॉपीराइट असेल ना? मग जुनं चिन्ह घेऊ, ब्रिटिशांच्या काळातलं.' ही शक्कल मला वर्षातून एकदा तरी कुणी सुचवतं. सरकारी कलाकृतीचा कॉपीराइट आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे काही जुन्या बिल्ल्यांचा तो संपलाही असेल. पण दाराला ते एकच कुलूप नाही.

दुसरं कुलूप २००५चं आहे: भारताच्या राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा कायदा. धंद्यासाठी, परवानगीशिवाय, अशोकस्तंभ वापरायचा नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे काम गृह मंत्रालय पाहतं.

तिसरं कुलूप १९५०चं, आणि मराठी माणसाने ते एकदा तरी वाचावं असं आहे. बोधचिन्हं आणि नावं यांचा अनुचित वापर रोखणाऱ्या या कायद्याला एक यादी जोडलेली आहे. यादीतली नावं आणि चित्रं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारात वापरायची नाहीत. तिच्यात सरकारची मुद्रा आहे, अशोकचक्र आहे, सरकारने सुरू केलेली पदकं आणि बिल्ले आहेत, आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू यांच्यासोबत. सूट फक्त कॅलेंडरला, तीही कॅलेंडर जाहिरातीसाठी नसेल आणि त्यावर तयार करणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचंच नाव असेल तर. दादरपासून डोंबिवलीपर्यंत काय काय छापलं जातं ते आठवून मी हे पोरांना सांगितलं तेव्हा चौघेही गप्प झाले. एकाने हळूच आपल्या बॅगेवरचं स्टिकर पाहिलं.

या कायद्यात एक मोलाची तरतूद आहे. हुबेहूब नक्कल तर नाहीच, पण पाहणाऱ्याला तीच वाटावी अशी नक्कलही चालत नाही. शिवाय या कायद्याने अडवलेलं चिन्ह ट्रेडमार्क म्हणूनही नोंदवता येत नाही. म्हणजे 'मी माझी आवृत्ती काढून माझ्या नावावर करतो' हाही रस्ता बंद.

चौथं कुलूप नवं आहे. जानेवारी २०२२च्या सेनादिनाच्या संचलनात लष्कराचा नवा लढाऊ गणवेश पहिल्यांदा दिसला. त्याच्या कापडावरची नक्षी दिल्लीच्या निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने तयार झाली होती. लष्कराने ती नक्षी डिझाइन म्हणून नोंदवली आणि २१ ऑक्टोबर २०२२च्या पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात नोंदणी प्रसिद्ध झाली. असं संरक्षण आधी दहा वर्षांचं, मग आणखी पाच वर्षं वाढवता येणारं. म्हणजे बिल्ला राहू द्या, नुसतं ते ठिपक्यांचं कापड विणून विकणंही आता अडचणीचं आहे.

'थोडा बदल करून छापा ना!'

हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका युक्तिवाद. पंखातली दोन पिसं कमी करा, खंजीर जरा वाकडा करा, झालं.

याची परीक्षा एकदा साऱ्या जगासमोर झाली आहे. ५ जून २०१९ रोजी साउदॅम्प्टनला विश्वचषकात भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका सामना होता. महेंद्रसिंग धोनीच्या यष्टिरक्षणाच्या ग्लोव्हजवर तोच पंखवाला खंजीर दिसला. धोनी प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आणि पॅरा तुकडीशी जोडलेला, म्हणजे त्याची आस्था खोटी म्हणायची सोयच नाही. आयसीसीने चिन्ह काढायला सांगितलं. आपल्या क्रिकेट मंडळाचा कारभार तेव्हा पाहणाऱ्या प्रशासक समितीच्या प्रमुखांनी बचाव केला की, खऱ्या मानचिन्हावर 'बलिदान' हा शब्द असतो, ग्लोव्हजवर तो नाही, त्यामुळे हे ते चिन्ह नव्हेच. आयसीसीने परवानगी दिली नाही.

आयसीसीचा नियम खेळाच्या साहित्यावरच्या संदेशांचा होता, आपल्या कायद्यांचा नव्हे. पण चित्रकार म्हणून मला त्यातून एक गोष्ट पटली. शब्द काढला तरी देशातल्या शाळकरी पोरानेही ते चिन्ह ओळखलं होतं. चिन्ह ओळखू येतं ते बाह्याकारावरून, आणि तो बाह्याकार ठेवून आतलं कितीही खोडलं तरी चिन्ह तेच राहतं. उलट बाह्याकारच बदलला तर गिऱ्हाइकाला ते नको असतं. मधली जागा आहे असं वाटतं, पण मला ती अजून सापडलेली नाही.

मग 'अधिकृत परवाना' म्हणजे काय?

इंटरनेटवर अमेरिकन नौदलाच्या टोप्या, मरीन कोअरचे मग दिसतात आणि खाली 'अधिकृत परवानाधारक' असं लिहिलेलं असतं. ते कसं?

तिकडची गंमत अशी की, सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राला तिथे कॉपीराइटच नसतो. म्हणून सैन्यदलांनी आपली चिन्हं ट्रेडमार्क म्हणून जपली. २००४ साली तिथल्या काँग्रेसने कायदा करून ही चिन्हं भाड्याने द्यायची आणि आलेलं शुल्क दलांनीच ठेवायचं, अशी सोय केली. खर्च वजा जाऊन उरणारा पैसा सैनिकांच्या मनोरंजन आणि कल्याणाकडे जातो.

परवाना म्हणजे आपल्याकडच्या भाडेकरारासारखाच. खोली मालकाची, राहणारा भाडेकरू, आणि भिंत पाडायची तर मालकाला विचारायचं. उत्पादक अर्ज करतो, कुठल्या वस्तूवर कुठलं चिन्ह हे लिहून देतो, आर्टवर्क मंजूर करून घेतो, नमुना दाखवतो, विक्रीतला वाटा देतो.

पण मला आवडतं ते दुसरंच. तिकडे संरक्षण खात्याच्या आणि दलांच्या औपचारिक मुद्रा, कागदपत्रांवर उठवायच्या, त्या विक्रीच्या मालावर येऊच देत नाहीत. त्याऐवजी लोकांनी मिरवायला वेगळी, सोपी चिन्हं केली आहेत: भूदलाचा तारा, हवाई दलाचे भौमितिक पंख. घरातल्या देव्हाऱ्यातली मूर्ती आत आणि विसर्जनाची बाहेर, तसं काहीसं. आपल्याकडेही मिरवायचं चिन्ह वेगळं काढलं तर निम्म्या भानगडी मिटतील असं मला वाटतं. ऑपरेशन सिंदूरचा लोगो, ज्यात इंग्रजी 'ओ' अक्षराच्या जागी कुंकवाचा करंडा आहे, तो एका लेफ्टनंट कर्नलने आणि एका हवालदाराने मिळून केला. हात आणि नजर आत आहेत, हे त्यावरून दिसतंच. पण तो लोगो आला त्याच दिवशी त्या नावावर ट्रेडमार्कचे अर्जही पडले. त्यातला मुंबईतल्या एका बड्या उद्योगसमूहाचा अर्ज दुसऱ्या दिवशी मागे घेतला गेला, 'कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून अनवधानाने झालं' असं सांगून. आमच्याकडे अशा वेळी ऑपरेटरचं नाव पुढे करतात.

परवाना मिळाला, आता खरी मारामारी

लोकांना वाटतं, परवाना मिळाला की चित्र डाउनलोड करायचं आणि छापायचं. इथूनच तर आमचं काम सुरू होतं.

पहिला सापळा, जुनं चित्र. चिन्हं बदलत असतात. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर मशीनगनच्या जोडीमध्ये कोरेगावचा विजयस्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. नौदलाचा ध्वज तर पाहता पाहता बदलला आहे. २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नवी विमानवाहू नौका 'विक्रांत' नौदलात आली त्याच दिवशी लाल क्रॉस गेला आणि शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. सर्च केल्यावर सगळ्या पिढ्यांची चित्रं एकाच पानावर येतात, आणि त्यातलं सगळ्यात ठसठशीत दिसणारं हमखास जुनं असतं. म्हणून मूळ रेखाटन मालकाकडूनच मागायचं.

दुसरा सापळा रंगाचा. इथे नौदलाच्या ध्वजाचीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण प्रत्येक नव्या मुलाला मी ती ऐकवते. २००१ साली ध्वजावरचा क्रॉस काढून पांढऱ्यावर नौदलाचं निळं चिन्ह ठेवलं होतं. कागदावर छान. पण समुद्रावर, मागे निळं आकाश आणि खाली निळं पाणी, ते चिन्ह दिसेचना अशी तक्रार झाली. २००४ साली क्रॉस परत आला. चित्र कुठे दिसणार, कशाच्या पार्श्वभूमीवर, किती अंतरावरून, हे न विचारता रंग ठरवला की असं होतं. नेव्ही ब्ल्यू टी-शर्टवर नेव्ही ब्ल्यू नांगर मागणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

तिसरा सापळा आकाराचा. अशोकस्तंभाच्या सिंहांची आयाळ, खालची चक्रं, बैल, घोडा, हे सगळं पितळेत ठोकायला उत्तम. तेच टोपीवर दोन इंचांत भरतकामाने करायचं म्हटलं की सिंहांची मांजरं होतात. भरतकामासाठी चित्राची टाक्यांत फोड करावी लागते, त्याला आमच्याकडे पंचिंग म्हणतात. धाग्याला जाडी असते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टाक्यात नीट उतरत नाही. एरवी आम्ही रेघा कमी करतो, आकार ढोबळ करतो. पण इथे मालक म्हणतो, एकही रेघ बदलायची नाही. मग एकच मार्ग: चिन्ह मोठं करा, नाहीतर भरतकाम सोडून विणलेलं लेबल किंवा धातूची पिन करा. बनारसचे जरीचे हाताने केलेले बिल्ले सुंदर असतात, पण ते टी-शर्टच्या किमतीत बसत नाहीत.

चौथा सापळा आपल्या लिपीचा. नौदलाचं ब्रीद 'शं नो वरुणः', हवाई दलाचं गीतेच्या अकराव्या अध्यायातलं 'नभः स्पृशं दीप्तम्'. दोन्हींत अनुस्वार आहे, विसर्ग आहे, दुसऱ्यात पाय मोडलेला म आहे. ही सगळी टिंबं आणि शेपट्या लहान आकारात आधी मरतात. एकदा नमुन्याच्या टोप्या आल्या त्यावर 'श नो वरुण' होतं. 'वरुण आमचं कल्याण करो' यातलं कल्याणच गळून पडलं होतं. पंचिंग करणाऱ्याचा दोष नाही, त्याच्या यंत्राला टिंब म्हणजे सुटलेला धागा वाटला. तेव्हापासून आठ मिलिमीटरच्या खाली देवनागरी मी भरतकामाला देतच नाही. आणि कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधली फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून देते, म्हणजे अक्षरांची चित्रं करून. नाहीतर समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर वरुणाचं काय होईल सांगता येत नाही.

पाचवा सापळा जागेचा. राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१च्या कायद्यानुसार तिरंगा कमरेखालच्या कपड्यावर, उशीवर, रुमालावर, नॅपकिनवर छापता वा भरतकामाने काढता येत नाही. नौदलाच्या ध्वजाच्या कोपऱ्यात तिरंगा आहेच, म्हणजे तो उशीच्या अभ्ऱ्यावर नको, हे वेगळं सांगायला नको. बाकी चिन्हांनाही मी स्वतःहून हाच नियम लावते. पायपुसण्यावर नांगर मागितला होता एकाने. खरंच.

शेवटचा सापळा सगळ्यात अवघड. चित्र तंतोतंत हवं, पण वस्तू खरी वाटता कामा नये. म्हणून चिन्ह छापतानासुद्धा खऱ्या गणवेशातली त्याची जागा टाळायची. खांद्यावर हुद्दा नाही, डाव्या छातीवर पदकांच्या फिती नाहीत. चिन्ह पाठीवर किंवा मध्यभागी, एका सपाट रंगात, सोबत वस्तूचं स्वतःचं नाव. दुरून पाहणाऱ्याला कळलं पाहिजे की हा टी-शर्ट आहे.

'बाजारात तर सगळं मिळतं!'

मिळतं. १९५०च्या कायद्यात मुळात लिहिलेला दंड पाचशे रुपयांपर्यंतचा, त्याला कोण भिणार? पण विकायला मिळतं म्हणून परवानगी आहे असं नव्हे. फुटपाथवरचा पाणीपुरीवाला सांगेल. आणि हा निव्वळ कागदी कडकपणा नाही. जानेवारी २०१६मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरचे हल्लेखोर लष्करी कपड्यांत आले होते. त्यानंतर लष्करानेच लोकांना तसले कपडे घालू नका, दुकानदारांना विकू नका असं आवाहन केलं. नाक्यावर उभ्या शिपायाला कपड्यावरून पटकन माणूस ओळखायचा असतो. बाजार तशाच कपड्यांनी भरलेला असेल तर त्याने करायचं काय?

'आमच्या घरात फौजी आहेत, ताई'

चौघांपैकी एकाने हे सांगितलं. त्याचं गाव साताऱ्याकडचं, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतले. हे ऐकून मीही जरा वरमले. त्याला म्हटलं, घालणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमात, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा पोशाख किंवा खूण वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. हेतू हा शब्द तिथे महत्त्वाचा. आजोबांचा बिल्ला कपाटात जप, कुणी काही म्हणणार नाही. पण मी तो तीनशे टी-शर्टांवर छापून पैसे घेतले तर तो व्यापार झाला.

त्याने विचारलं, "मग 'विक्रांत'ची गाडी कशी विकली?" हुशार पोरगा. जुनी 'विक्रांत' २०१४ साली मुंबईत भंगारात निघाली, त्यातलं पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ साली त्या धातूचा अंश असलेली मोटारसायकल काढली. पोलाद लिलावात विकलं गेलं होतं, पावतीने. बोधचिन्ह लिलावात निघत नाही.

शेवटी छापलं काय?

कागद पुढे ओढला. नऊ थरांचा मनोरा काढला, आणि सगळ्यात वरच्या पोराचे दोन्ही हात वर, हंडीकडे. दुरून बघितलं तर ते हात पंखांसारखे दिसत होते. ते मुद्दाम नव्हतं, पण एका पोराने ओळखलं आणि हसला. खाली त्यांच्या चाळीचं नाव, ठळक देवनागरीत, सगळे अनुस्वार शाबूत. रंग चंदेरीच ठेवला.

जाता जाता सगळ्यात धाकट्याने दारातून विचारलं, "ताई, निदान याच्या टी-शर्टवर कॅप्टन लिहू का?"

"कशाचा कॅप्टन?"

"खालच्या थराचा."

"लिही," म्हटलं.